डहाणू–तलासरीतील डिजिटल शालेय शिक्षण

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत जिल्हा परिषद शाळा व आश्रमशाळांमधून डिजिटल साधनांच्या आधारे होणारे अध्ययन-अध्यापन. शैक्षणिक प्रयोग या भागाला नवे नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच पाड्यावर न्यावी आणि परिसरातल्या बिया, खडे, पाने यांतून शिकवावे, ही त्यांची रीत. आजच्या साधनांची पारखही याच कसोटीवर व्हायला हवी.

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ (२०१५) या कार्यक्रमानंतर राज्यातील अनेक शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर व टॅबलेट आले. २०१७ पासून दीक्षा हे अ‍ॅप वापरात आले. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून त्यातले धडे उघडतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर पाड्यांवरील स्मार्टफोन व नेटवर्कची उणीव उघडी पडली. याच जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा भागात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली : ध्वनिमुद्रित धडे लाउडस्पीकरवरून मुलांपर्यंत पोचत.

भाषेचा प्रश्न अधिक खोल आहे. घरी वारली बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला पडद्यावरची प्रमाण मराठी परकीच वाटते. शिक्षकाने आजीची वारली गोष्ट फोनवर मुद्रित करून वर्गात ऐकवणे, हा या साधनांचा सर्वांत मोलाचा उपयोग ठरू शकतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा अभ्यास मात्र अ‍ॅप असूनही तुटतो.