मैफल उठल्यानंतर

एप्रिल १९६८ मध्ये हैदराबादच्या बशीरबाग पॅलेसमध्ये उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांचे निधन झाले. पंजाबातील कसूर येथे १९०२ साली जन्मलेला, लाहोरात नावारूपाला आलेला, फाळणीनंतर पाकिस्तानातून परत येऊन १९५७ साली भारताचे नागरिकत्व स्वीकारलेला हा थोर गवई मुंबईत बरीच वर्षे राहिला आणि आयुष्याच्या संध्याकाळी नबाब जहीर यार जंग यांच्या आश्रयाने दख्खनमध्ये येऊन विसावला. अर्धांगाच्या झटक्याने शरीर खचले होते, तरी मुलगा मुनव्वर अली याला साथीला घेऊन खाँसाहेब गात असत. ज्या लोहमार्गाने आमच्या धर्माबादची माणसे मिरचीच्या व्यवहारासाठी, दवाखान्यासाठी, सोयरिकीसाठी हैदराबादला जातात, तो मार्ग बासरजवळ गोदावरी ओलांडून निजामाबादवरून त्याच शहरात शिरतो. १९६० सालच्या ‘मोगल-ए-आझम’ चित्रपटात तानसेनाच्या मुखी जो स्वर आला, त्या स्वराचा धनी आमच्या गावापासून काही तासांच्या अंतरावर, एका हवेलीत, स्वरमंडलावर बोटे फिरवीत बसला होता.

हे ध्यानात आले की मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. अशा माणसाजवळ जाऊन बसावे कसे? तिकीट काढून मैफल ऐकणे वेगळे आणि मैफल उठल्यानंतर, तंबोरे गवसणीत गेल्यानंतर, खाँसाहेब पान लावीत किंवा जेवणाच्या गोष्टी करीत असताना नुसते जवळ असणे वेगळे. मी स्वतः गाणारा नव्हे. मिस्सेतील गायन सुरात राहावे इतपतच माझी धडपड. परंतु मराठीत संगीताविषयी जे लेखन झाले आहे ते वाचताना मला वारंवार जाणवत आले आहे की आपल्या ख्यालगायनाचा जो इतिहास आज हाती आहे, त्याचा मोठा हिस्सा अशा निरुद्योगी बैठकांतून आला आहे. दरबारांच्या दप्तरात बिदागीची रक्कम सापडेल. गवई घरी कसा होता, त्याची गायकी अशीच का घडली, याची नोंद तिथे मिळत नाही.

या बाबतीत पहिले नाव घ्यावे ते प्रोफेसर बी. आर. देवधर यांचे. मिरजेचे देवधर (१९०१–१९९०) हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. पाश्चात्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. १९२५ साली त्यांनी मुंबईत संगीताची शाळा काढली. ऑपेरा हाऊसजवळची ही शाळा म्हणजे उत्तरेतून मुंबईत येणाऱ्या गवयांचा जणू पारच झाला. कोणी उतरायला येई, कोणी नुसता गप्पा मारायला. १९३६ च्या सुमारास कुमार गंधर्व नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा या शाळेत आला आणि पुढे दशकभर तिथेच वाढला. नेमून दिलेल्या तालमीखेरीज त्या जागेत येणाऱ्याजाणाऱ्यांकडून त्याच्या कानावर काय काय पडले असेल, त्याचा हिशेब कोण मांडणार!

देवधरांचा विशेष असा की त्यांच्या मनातील आदराने त्यांचे डोळे झाकले गेले नाहीत. ‘संगीत कला विहार’ मासिकात त्यांनी जी व्यक्तिचित्रे लिहिली आणि जी पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आली, त्यांत बडे गुलाम अली खाँ आहेत, अल्लादियाखाँ आहेत, रहिमतखाँ आहेत. आणि सिंधेखाँही आहेत. पंजाबकडून मुंबईत आलेले सिंधेखाँ हे कोणत्याही दरबाराचे रत्न नव्हते. फकिरी वृत्तीचे, कळकट वेषातले, कधी कुठे असतील याचा भरवसा नसलेले असे ते गृहस्थ होते. रस्त्यात भेटले तर शहाण्यासुरत्या माणसाने वाट वाकडी करावी, असा अवतार. परंतु त्यांच्यापाशी दुर्मिळ चिजांचा साठा होता. देवधरांनी त्यांना जवळ केले, त्यांच्या लहरी सोसल्या, त्यांचे गाणे ऐकले. कुमारांच्या कानावर जे संस्कार झाले त्यांत या फकिराचाही वाटा आहे, असे जाणकार मानतात. देवधर त्या वेळी आपल्या शाळेच्या प्रतिष्ठेला जपत बसले असते, तर सिंधेखाँ हे नावही आज आपल्या कानी आले नसते.

सहवासाला किंमत पडते ती अशी. ज्याची आपण पूजा बांधतो तो जवळून पाहिला की हट्टी निघतो, व्यसनी निघतो, कधी मनाने भ्रमिष्ट असतो. रहिमतखाँ यांची कथा याहून विलक्षण आहे. ग्वाल्हेरचे विख्यात हद्दूखाँ यांचे हे पुत्र. अफूचे व्यसन आणि चित्तभ्रम यांमुळे ते काशीच्या रस्त्यांतून भटकत असलेले विष्णुपंत छत्रे यांना आढळले. हे छत्रे म्हणजे आपल्या देशात पहिली सर्कस उभी करणारे गृहस्थ. ग्वाल्हेरला असताना घोड्यांच्या विद्येबरोबर ते हद्दूखाँकडे गाणेही शिकले होते. गुरुपुत्राची ती दशा पाहून त्यांनी त्यांना आपल्यासोबत घेतले. मग वाघ, हत्ती, घोडे, कसरतपटू यांच्या लवाजम्याबरोबर गावोगाव फिरणाऱ्या त्या सर्कशीत ख्यालगायनाचा एक सम्राटही प्रवास करू लागला! छत्र्यांनी त्यांच्या मैफली करविल्या आणि त्यांची व्यवस्था ठेविली. १९०५ साली विष्णुपंत गेल्यावर त्यांच्या घराण्याने हा वारसा टाकून दिला नाही. रहिमतखाँ अखेरपर्यंत कुरुंदवाडला राहिले आणि तिथेच १९२२ साली वारले. त्यांच्या उतारवयातील काही ध्वनिमुद्रिका आज ऐकायला मिळतात. त्या खरखरीतून येणारा तो सरळ, निर्मळ स्वर ऐकताना मला गाणाऱ्याइतकीच त्याला सांभाळणाऱ्या सर्कसवाल्याची आठवण होते. चाहता म्हणून छत्र्यांच्या वाट्याला काय आले असेल? रोजचे जेवणखाण, औषधपाणी, रुसवेफुगवे, आणि मधूनच एखाद्या रात्री ते गाणे.

याच सांगली-कोल्हापूरच्या टापूत गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) झाले. ‘संगीत मानापमान’च्या १९११ सालच्या चालींमुळे नाटकवेड्या महाराष्ट्राला ते ठाऊक आहेत. भास्करबुवा बखल्यांना त्यांनी पेटीची साथ केली, आणि शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादियाखाँ यांचा सहवास त्यांना दीर्घकाळ लाभला. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र लिहिले. अल्लादियाखाँ यांच्या गायकीची वळणे पेचदार, तान गुंतागुंतीची, राग अनवट. श्रोत्याला वाटावे, हा निव्वळ बुद्धीचा विलास आहे. परंतु त्यामागची हकीकत वेगळी आहे. तरुणपणी माळव्यातील आमलेटा या छोट्या संस्थानात असताना अतिरेकी गायनाने खाँसाहेबांचा आवाज बसला. पुष्कळ काळ गाता येईना. जो आवाज परत आला तो पूर्वीचा नव्हता. तेव्हा त्या बदललेल्या आवाजाला पेलेल, शोभेल अशी नवी गायकी त्यांनी स्वतः घडविली. आज जयपूर-अत्रौली घराणे म्हणून जिचा गौरव होतो, गोमंतकाच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी जी कीर्तीला नेली, ती गायकी मोडलेल्या गळ्यातून उगवली आहे. ही गोष्ट मैफलीत बसून कधीही कळली नसती. श्रोत्यांसमोर गवई आपले वैभव मांडतो. हरपलेल्या आवाजाविषयी तो बोलतो ते घरच्या माणसांशी किंवा घरच्यासारख्या झालेल्यांशी. १९४६ साली मुंबईत निधन होण्यापूर्वी अल्लादियाखाँ यांनी आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितली आणि नातवाने ती उर्दूत उतरवून घेतली. तिचे इंग्रजी पुस्तक २००० साली निघाले. मधली पन्नासएक वर्षे ते आजोबा त्या वहीत बोलत राहिले होते.

भातखंडे यांचा मार्ग निराळा. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील होते आणि गवयांकडे ते वकिलाप्रमाणेच प्रश्नांची यादी घेऊन जात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते हैदराबादलाही आले. तिथल्या अप्पा तुलसी या संस्कृतज्ञ संगीतशास्त्र्यांशी त्यांचा स्नेह जुळला. भातखंडे यांनी हजारो चिजा मिळविल्या, छापल्या, सर्वांना खुल्या केल्या. त्या उपकाराचे मोल कोण नाकारील? तरीही त्यांच्या ग्रंथांतून खाँसाहेब माणूस म्हणून फारसे भेटत नाहीत. वस्तादांविषयी त्यांचा सूर पुष्कळदा नाराजीचा असतो. विद्या लपविणारे, शास्त्र न जाणणारे, असा. ती नाराजी अगदीच अकारण होती असे मी म्हणणार नाही. पण उत्तरे मिळविण्याच्या घाईत बसलेल्या माणसाला उत्तरेच मिळतात. गप्पा मिळत नाहीत.

आता आमच्या मराठवाड्याकडे वळतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद हीच आमची राजधानी होती. गुणिजनांना त्या शहरात आश्रय होता. ‘गुणीदास’ या नावाने ख्याती पावलेल्या जगन्नाथबुवा पुरोहितांचा जन्म तिथलाच. पण देवधर किंवा टेंबे यांच्या तोडीचा सहवासी लेखक मला या बाजूला आढळत नाही. शाळेत उर्दूची सक्ती आणि घरात मराठी, मराठी छापखाने मोजके, त्यात पुढे मुक्तिसंग्रामाची धामधूम. गवयाजवळ बसलेली माणसे इथेही असणारच, पण बसून जे ऐकले ते लिहिले गेले नाही. नांदेडचे पंडित नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले आणि पुढे औरंगाबादेत त्यांनी शिष्यांची पिढी घडविली. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रणे आहेत, शिष्य आहेत. पण त्यांच्या गुरूंविषयी, गुंजकरांविषयी, आज धर्माबादच्या एखाद्या तरुणाला वाचावेसे वाटले तर त्याच्या हाती काय द्यावे?

आणि आपल्या समाजाचे काय? गोव्यातील मजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तिथल्या चर्चमध्ये गायनवृंदाचे मास्तर होते. अँथनी व्हायोलिन घेऊन मुंबईला आले, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले, स्वरलिपीत संगीत लिहून देऊ लागले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली या गोवेकराने भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या स्वतःच्या रचना मुंबईत भव्य वाद्यवृंदाकडून सादर केल्या. पुढे ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर गावी जाऊन मुकाट राहिले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपट आला. त्यातील ज्या गाण्याच्या तालावर आपल्या लग्नघरांत आजही म्हातारेकोतारे पाय हलवितात, त्या गाण्यात प्यारेलालनी आपल्या गुरूचे नाव गुंफले आहे. लाखो लोकांनी ते नाव गायिले. त्या नावाचा खराखुरा माणूस आहे, तो मजोर्ड्यात राहतो, हे किती जणांना ठाऊक होते!

पडद्यामागच्या या वादकांशी, ज्यांत आपले कितीतरी डिसोझा, फर्नांडिस, गोन्साल्विस होते, निवांत बसून बोलण्याचे काम अखेर न्यूझीलंडच्या विद्यापीठात शिकविणाऱ्या ग्रेगरी बूथ नावाच्या प्राध्यापकाने केले. त्यांच्या घरांत जाऊन, त्यांच्या आठवणी ऐकून त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक २००८ साली प्रसिद्ध झाले. मराठी चित्रपटसमीक्षक अशोक राणे यांनी गोन्साल्विसांवर माहितीपट केला, ही आपल्याला दिलासा देणारी गोष्ट. जानेवारी २०१२ मध्ये गोन्साल्विस गेले. ज्या चर्चमध्ये त्यांच्या वडिलांनी मुलांना सूर शिकविले, ते मजोर्ड्याचे चर्च आजही उभे आहे. पण वडिलांनी कोणकोणत्या मुलांना, कोणत्या वह्यांतून, कसे शिकविले, हे सांगणारी माणसे आता तिथे थोडीच उरली असतील.