तट, मंदिर आणि ग्रंथ

चांदा शहराभोंवतीं गोंड राजांनीं घातलेला परकोट पाहिला म्हणजे इतिहासांतील एक जुना प्रश्न मनांत उभा राहतो. चार वेशी आणि पांच खिडक्या असलेला हा दगडी तट अजून बऱ्याच ठिकाणीं शाबूत आहे. परंतु ज्या राज्याच्या रक्षणासाठीं तो उभारला, तें १७५१ सालीं नागपूरकर भोंसल्यांकडे गेलें, आणि १८१८ सालीं इंग्रजांनीं हाच तट फोडून शहर घेतलें. तट राहिला, राज्य गेलें. उलट ज्या रानांत तट नाहीं आणि वेसही नाहीं, तेथें परधान गायकांच्या मुखीं गोंडांच्या कुळांची व देवांची कथा पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. मग समाज म्हणून जें टिकतें तें कशांत सांठविलेलें असतें? दगडांत, कीं वाणींत?

या प्रश्नाची कसोटी ज्यांना वारंवार द्यावी लागली ते लोक म्हणजे यहुदी. त्यांच्या या दीर्घ इतिहासाचें एक प्रकरण आपल्याच कोंकणपट्टींत घडलें, आणि तें बव्हंशीं आपल्याच मराठी भाषेंत लिहिलें गेलें, ही गोष्ट मात्र पुष्कळ सुशिक्षितांच्याही ध्यानांत नसते. तें प्रकरण नीट समजण्यासाठीं प्रथम थोडें मागें गेलें पाहिजे.

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्‌नेस्सर राजानें यरुशलेम घेतलें, तट पाडला, शलमोनाचें मंदिर जाळलें आणि लोकांतील प्रमुख घराणीं बंदी करून नेलीं. ज्याचें मंदिर पडलें तो देव हरला, आणि ज्याचा देव हरला तें राष्ट्र संपलें, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. यहुद्यांनीं ती समजूतच नाकारली. देव कोणत्याही एका मंदिरांत कोंडलेला नाहीं, परमुलखांतूनही त्याला हांक ऐकूं जाते, हा विचार हद्दपारींत दृढ झाला. शब्बाथाचा विसावा, खाण्यापिण्याचे निर्बंध, सुंता आणि पूर्वजांच्या कथा यांना त्या काळांत जें महत्त्व चढलें, त्याचें कारण हेंच. मंदिर खांद्यावरून नेतां येत नाहीं. व्रत आणि कथा नेतां येतात.

इ. स. पू. ५३९ मध्यें इराणच्या सायरस राजानें बाबिलोन जिंकलें आणि यहुद्यांना परत जाण्याची मोकळीक दिली. परतलेल्यांनीं मंदिराचा पाया घातला तेव्हां तरुणांनीं जयघोष केला आणि ज्यांनीं पहिलें मंदिर डोळ्यांनीं पाहिलें होतें ते वृद्ध रडूं लागले. हर्षाचा आवाज कोणता आणि शोकाचा कोणता हें ओळखतां येईना, असें बायबलांत वर्णन आहे. मंदिर इ. स. पू. ५१६ च्या सुमारास पुरें झालें. पुढें इराणी दरबारांतील नहेम्या हा अधिकारी इ. स. पू. ४४५ च्या सुमारास आला आणि त्यानें पडका तट, एका हातांत हत्यार व एका हातांत काम अशा स्थितींत, अवघ्या ५२ दिवसांत उभा केला.

मंदिर झालें, तट झाला. तरीही लोक एकजीव झाले नव्हते. तें काम एका ग्रंथवाचनानें केलें. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं पाणवेशीपुढील चौकांत स्त्रीपुरुष जमले आणि एज्रा शास्त्र्यानें पहांटेपासून दोनप्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखविलें. लेवी लोक गर्दींत फिरून त्याचा अर्थ समजावीत होते. लोकांच्या नित्य व्यवहारांत अरामी भाषा शिरली होती व जुनी हिब्रू सर्वांस कळत नव्हती, असें यावरून पुष्कळ पंडित मानतात. अर्थ कळला तेव्हां लोक रडूं लागले. त्यांना सांगण्यांत आलें कीं, आज रडूं नका, जेवा, आणि ज्याच्या घरीं शिजलें नसेल त्याला वांटा पाठवा. आमच्या मतें यहुदी समाजाचा खरा पुनर्जन्म तट पुरा झाला त्या दिवशीं झाला नाहीं. तो या दिवशीं झाला. ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं गीतार्थ मराठींत आणिला तेव्हां महाराष्ट्रांत काय घडलें, हें जाणणाऱ्या वाचकास या घटनेचें मर्म वेगळें सांगावयास नको.

तथापि या पुनरुज्जीवनाला एक कठोर बाजूही होती. ज्यांनीं परजातीय स्त्रियांशीं विवाह केले होते त्यांना त्या बायका, आणि त्यांचीं मुलेंही, दूर करण्याचा निश्चय एज्रानें करावयास लाविला. गमावलेलें परत मिळविणाऱ्या समाजास आपला कोण व परका कोण हें ठरविण्याची घाई होते, आणि त्या घाईंत दुबळे चिरडले जातात. त्याच धर्मग्रंथांत मवाबी रूथेची कथा आहे. ही परदेशची सून दाविद राजाची पणजी होय. एकाच ग्रंथसंग्रहानें दोन्ही स्वर जपले, हा त्याचा मोठेपणा होय.

आतां कोंकणाकडे वळूं. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. हें केव्हां घडलें याविषयीं मतभेद आहेत. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर. पोषाख मराठी, बोली मराठी. ग्रंथ त्यांच्याजवळ राहिला नव्हता आणि हिब्रू भाषाही विसरली होती. राहिलें तें एवढेंच: शनिवारचा विसावा, सुंता, भक्ष्याभक्ष्याचा विचार आणि ‘शमा’ ही प्रार्थना. सणांचीं नांवें सुद्धां नव्याचा सण, खिरीचा सण अशीं घरगुती झालीं होतीं; यरुशलेमचें मंदिर पडल्याच्या शोकाचा उपवास बिरड्याचा म्हणून ओळखला जाई. बाबिलोनची राख आणि कोंकणांतील मोड आलेले वाल यांची ही सांगड पाहून कोणास हंसूं येईल. आम्हांस आदर वाटतो. परंपरेनें हातीं आलेला शोक या लोकांनीं आपल्या चुलीशीं आणून ठेविला होता.

डेव्हिड राहबी नांवाच्या प्रवाशानें त्यांना ओळखलें, अशी कथा आहे. त्यानें स्त्रियांपुढें निरनिराळे मासे ठेविले. त्यांनीं पंख व खवले असलेले तेवढेच रांधावयास घेतले. इतिहासकार या राहबीचा संबंध अठराव्या शतकांतील कोचीनच्या एका यहुदी घराण्याशीं जोडतात. पुढें कंपनीच्या फौजेंतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेंतून सुटून आले आणि त्यांनीं १७९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्याचें नांव ‘शाआर हाराहामीम’, म्हणजे दयेचें द्वार.

मंदिर झालें, पण येथेंही खरें काम ग्रंथानें केलें. कोचीनहून शिक्षक आले. मिशनऱ्यांच्या शाळांतून मुलें शिकलीं, आणि डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींत हिब्रू व्याकरण छापलें. त्यांचा हेतु धर्मांतराचा होता. परिणाम उलट झाला. ख्रिस्ती झाले ते थोडे, आणि पुष्कळांना आपलाच धर्म वाचतां येऊं लागला. १८४६ सालीं वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची ‘हाग्गादा’ मराठी भाषांतरासह मुंबईंत निघाली. १८७४ च्या पुणें येथील आवृत्तींत बेखमीर भाकरी करणाऱ्या लुगडें नेसलेल्या स्त्रियांचें चित्र आहे. मिसरच्या दास्यांतून सुटलेल्यांची कथा मुलांनीं आजीच्या भाषेंत ऐकली. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं प्रार्थनांचीं पुस्तकें मराठींत आणिलीं. हाईम शमुवेल किहीमकर यांनीं १८७५ सालीं समाजाची शाळा काढली व समाजाचा इतिहास इंग्रजींत लिहिला. तो त्यांच्या पश्चात् १९३७ सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झाला. १८८० च्या सुमारास तर बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदि मंडळींनीं कीर्तनाची प्रथा उचलली. आब्राहाम आणि योसेफ यांचीं आख्यानें साकी-दिंडींत रंगूं लागलीं. पाणवेशीपुढें लेव्यांनीं जें केलें, तेंच हे हरदास मुंबईंत करीत होते.

कठोर बाजूही पुन्हा दिसली. समाजांतच गोरे व काळे इस्राएल असा भेद होता. मिश्र संततीचे म्हणून कांहींना वेगळें बसवीत. मुंबईंतील बगदादी यहुदी सर्व बेने इस्राएलांकडेच संशयानें पाहत. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतील हजारों कुटुंबें तिकडे गेलीं. आणि दोन हजार वर्षांची वाट सरली असें वाटत असतांना, विवाहाच्या वेळीं त्यांचें यहुदीपणच तपासावें असा हुकूम १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें काढला. त्यांनीं निदर्शनें केलीं, उपोषण केलें. अखेर १९६४ सालीं इस्राएलच्या लोकसभेनें त्यांना सर्व दृष्टींनीं यहुदी म्हणून मानलें. ज्यांनीं ग्रंथावांचून शब्बाथ पाळला त्यांनाच कुळाचा दाखला मागितला जावा, यापरती विटंबना कोणती?

इस्राएलांत गेलेल्या या मंडळींनीं तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. पूर्वी कोंकणांत त्यांना यरुशलेमची आठवण होती. तिकडे कोंकणाची झाली. आठवण जपण्याची संवय ज्या समाजास लागली, तो कोणत्याही एका भूमीशीं कृतघ्न होत नाहीं.

तट शत्रूस अडवितो; पण समाज कशासाठीं जगावा हें तो सांगूं शकत नाहीं. तें सांगतो लोकांना कळेल अशा भाषेंत उलगडलेला ग्रंथ, आणि ग्रंथ हरपला तर आईनें लेकराला शिकविलेलें एखादें व्रत. सामाजी दिवेकरांनीं आपल्या वास्तूला तटाचें नांव दिलें नाहीं, द्वाराचें दिलें. गमावलेलें पुन्हा उभारूं पाहणाऱ्या प्रत्येक समाजानें, यांत आपणही आलोंच, एवढें ध्यानांत ठेवावें कीं, परत येणाऱ्याला प्रथम लागते ती वेस. आणि ती उघडी असावी लागते.