अस्तित्वात नसलेल्या कणाचा इतिहास

१/९
१५ डिसेंबर २०१५. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ प्रयोगशाळेत सादर झालेल्या एका आलेखावर लहानसा उंचवटा होता. पुढील आठ महिन्यांत त्याच्या स्पष्टीकरणार्थ सुमारे ५०० शोधनिबंध लिहिले गेले. ज्या कणाविषयी ते होते, तो कण मात्र नव्हताच. त्याविषयी हा थ्रेड.

२/९
प्रचंड वेगाने धावणारे दोन प्रोटॉन समोरासमोर आदळले की त्यांच्या ऊर्जेचा काही अंश वस्तुमानात रूपांतरित होतो. त्यातून प्रोटॉनहून कितीतरी जड कण जन्मू शकतात; पण ते तत्क्षणी विघटन पावतात. संशोधकांच्या हाती उरतात ते केवळ अवशेष.

३/९
प्रकाशाचे दोन कण, म्हणजे दोन फोटॉन, ज्या टकरींतून निघाले त्या निवडायच्या, प्रत्येक जोडीवरून वस्तुमान काढायचे आणि आलेख मांडायचा. परिचित प्रक्रियांमुळे उतरती रेषा मिळते. नवा कण असेल तर एका जागी उंचवटा. २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता.

४/९
२०१५ साली टकरींची ऊर्जा ८ वरून १३ टीईव्हीवर नेण्यात आली. ‘ॲटलास’ आणि ‘सीएमएस’ या दोन स्वतंत्र प्रयोगांना ७५० जीईव्हीच्या आसपास उंचवटा दिसला. असा कण प्रोटॉनच्या सुमारे ८०० पट जड ठरला असता. (सीएमएसमध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही सहभागी आहे.)

५/९
पुरावा किती भक्कम होता? ॲटलासचा ३.६ सिग्मा, सीएमएसचा २.६. शोध जाहीर करण्याचा संकेत ५ सिग्मांचा. म्हणजे निव्वळ योगायोगाने तसे दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. शिवाय अनेक जागी शोधले की कुठेतरी उंचवटा दिसायचाच. तो हिशेब धरल्यावर ॲटलासचे सुमारे २ सिग्मा उरले, सीएमएसचे १.२ हून कमी.

६/९
ही सावधगिरी अनुभवातून आलेली आहे. १९७६ साली अमेरिकेतील फर्मीलॅबमध्ये लिऑन लेडरमन यांच्या गटाने ६ जीईव्हीजवळ ‘अप्सिलॉन’ कण दिसल्याचे जाहीर केले. अधिक मोजणीत तो विरला आणि थट्टेने ‘ऊप्स-लिऑन’ ठरला. १९७७ साली त्याच गटाला ९.५ जीईव्हीजवळ खरा कण सापडला. नाव मात्र तेच राहिले.

७/९
मग ५०० निबंध का? हिग्जनंतर प्रस्थापित सिद्धांतापलीकडचे काहीच हाती लागले नव्हते. त्या प्रतीक्षेत पुसटशी खूणही पुरेशी वाटली. दोन्ही प्रयोगांनी स्वतः मात्र ‘शोध’ हा शब्द टाळला.

८/९
५ ऑगस्ट २०१६, शिकागो येथील परिषद. २०१५ च्या सुमारे चौपट नवी माहिती जमा झाली होती. उंचवटा नाहीसा झाला होता. ज्यांना तो दिसला होता, त्यांनीच तो पुसला.

९/९
इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन स्वतंत्र साधने जुळली की हायसे वाटते. येथे दोन जुळूनही निष्कर्ष चुकला असता. भौतिकशास्त्रज्ञ टकरी पुन्हा घडवू शकतात. आपल्याला भूतकाळ पुन्हा घडवता येत नाही. म्हणूनच किती कागद चाळल्यावर हा जुळणारा कागद मिळाला, हेही आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. (समाप्त)