स्टोक रो

इंग्लंडमधील ऑक्सफर्डशर परगण्यातले, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावरचे छोटे गाव व पॅरिश. टेम्स नदी काही मैलांवरून वाहते, तरी गावाला पाण्याची ओढगस्त जुनीच. टेकड्या खडूच्या दगडाच्या. पाऊस पडतो तो सगळा खाली मुरतो आणि माथ्यावर ओढासुद्धा धरत नाही.

गावाची ओळख आहे ती बनारसच्या महाराजांच्या विहिरीमुळे. शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत होते. आझमगड भागात लोकांसाठी त्यांनी 1831 मध्ये विहीर खणवली होती. आपल्या मुलखातही पाण्याचे असेच हाल आहेत, हे त्यांनी महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितले. महाराजांनी ते ध्यानात ठेवले आणि स्टोक रोला विहीर बांधून दिली. 1864 मध्ये ती खुली झाली. खोली 368 फूट, म्हणजे कुतुबमिनारच्या दीडपट. रुंदी जेमतेम 4 फूट, आणि खोदाई सारी माणसांच्या हातची. वर घुमटाची छत्री, रहाटावर सोनेरी हत्ती. देखभालीच्या खर्चासाठी रीड यांनी शेजारी चेरीची बाग लावली. तिचे नाव ‘ईश्री बाग’. राज्य इंग्रजांचे आणि दानधर्म मात्र काशीच्या राजाचा, असा हा उलटा व्यवहार. नळ आल्यावर पोहरा थांबला, पण वास्तू जपलेली आहे.

आसपास पाहण्यासारखे बरेच आहे. चेकेंडनला नॉर्मन काळातले चर्च आहे. नफील्डच्या चर्चच्या आवारात मॉरिस मोटारींचे निर्माते लॉर्ड नफील्ड यांची साधी कबर आहे. वॉलिंगफर्डला आल्फ्रेड राजाच्या काळातले मातीचे तट आणि 1652 मध्ये पाडलेल्या किल्ल्याचे अवशेष दिसतात. अगाथा ख्रिस्ती इथेच राहत. त्यांची कबर जवळच्या चोल्सीला.

वेळ थोडा असेल तर बाकीचे सोडावे आणि युवेल्मला जावे. कवी चॉसरची नात अ‍ॅलिस व तिचा पती यांनी 1437 मध्ये तेथे 13 गरिबांसाठी धर्मशाळा स्थापन केली. त्याच काळातल्या इमारतीत आजही शाळा भरते. चर्चमध्ये अ‍ॅलिसच्या समाधीवर तिची संगमरवरासारख्या अलाबास्टर दगडातली रुबाबदार मूर्ती आहे; तिच्याखालच्या जाळीआड मात्र तिचेच सुकलेले प्रेत कोरलेले आहे, जे जमिनीवर वाकल्याशिवाय दिसत नाही. विनोदकार जेरोम के. जेरोमही याच चर्चच्या आवारात विसावला आहे. टेकडीत मुरलेले पाणी पायथ्याशी, या गावात, झऱ्याच्या रूपाने वर येते. गावाच्या नावाचा अर्थही ‘झऱ्याचा उगम’ असाच आहे.