सुगरणीचा हंगाम आणि मेंदूतल्या नव्या पेशी

नर सुगरणीचा पिवळा रंग विणीच्या हंगामापुरता असतो. एरवी तो मादीसारखाच मळकट तपकिरी, चिमणीशी सहज गल्लत व्हावी असा. पेणचा खारेपाट आणि रोह्याचा कुंडलिकाकाठ हा भाताचा मुलूख. सुगरणीला लागते ते सारे अशा ठिकाणी पावसाळ्यात मिळते. नर भाताच्या पातीची कड चोचीत धरून लांब धांदोटी ओढतो आणि ताडाच्या झावळीला किंवा पाण्यावर झुकलेल्या बाभळीला खोपा विणायला घेतो.

या पक्ष्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास याच रायगड जिल्ह्यात झाला. पेणच्या पश्चिमेला, अलिबाग तालुक्यातल्या किहीमला, १९३० च्या पावसाळ्यात पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवली. हातची नोकरी गेल्यामुळे ते तिथे राहायला आले होते. शास्त्राला ही बेकारी फळली म्हणायची. तोवर जोडी मिळून घरटे बांधते असा समज होता. प्रत्यक्षात नर खोपा अर्धाच विणून थांबतो, माद्या येऊन तपासतात, एखादीने पसंत केला तरच तो नळीसह पुरा होतो आणि नर दुसरा खोपा सुरू करतो.

ऋतू बदलताच पक्ष्याचे वागणे का बदलते, याचे मेंदूतले उत्तर दूरच्या प्रयोगशाळांत उलगडत गेले. विसाव्या शतकाचा बराच काळ प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी तयार होत नाही हेच मत पक्के होते. जोसेफ ऑल्टमन यांनी १९६० च्या दशकात उंदरांत उलटे पुरावे दिले. फारसे कोणी मनावर घेतले नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नॉटबोम यांना कॅनरी या गाणाऱ्या पक्ष्याच्या मेंदूतले गाण्याचे केंद्र ऋतूनुसार लहानमोठे होताना दिसले. १९८३ मध्ये त्यांनी आणि स्टीव्हन गोल्डमन यांनी प्रौढ मादी कॅनरीत नव्या चेतापेशी दाखवल्या. या पेशी मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या भिंतीत जन्मतात आणि तिथून केंद्रापर्यंत सरकत जातात.

मात्र जन्मलेल्या सगळ्याच टिकत नाहीत, आणि इथे प्रथिनांचा संबंध येतो. चेतापेशी वाढवणारे पहिले प्रथिन रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी १९५० च्या दशकात कोंबडीच्या भ्रूणावरच्या प्रयोगांतून शोधले. ते सापाच्या विषात आणि उंदराच्या लाळग्रंथीत मुबलक सापडले. १९८६ चे नोबेल त्यांना याच कामाबद्दल मिळाले. त्याच कुळातले बीडीएनएफ हे प्रथिन १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे झाले. एस. रसिका, आल्वारेझ-बुइया आणि नॉटबोम यांनी १९९९ मध्ये दाखवले की, टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाने कॅनरीच्या गाण्याच्या केंद्रात बीडीएनएफ वाढते आणि त्याच्या जोरावर नव्या पेशी तगतात. हे प्रथिन अडवले की संप्रेरकाचा परिणाम ओसरतो. २००२ मध्ये गोल्डमन यांच्या गटाने मधला दुवा जोडला: टेस्टोस्टेरॉनमुळे त्या भागात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्या अस्तरपेशी बीडीएनएफ पुरवतात.

हे सारे निष्कर्ष कॅनरीचे. कॅनरी दर वर्षी गाण्यात भर घालते. सुगरणीच्या नराची मादीपुढची खरी परीक्षा विणकामात असते. म्हणून ते निष्कर्ष सुगरणीला जसेच्या तसे चिकटवणे बरोबर नाही. हंगामात वृषणे वाढणे, रक्तातले संप्रेरक चढणे आणि हंगाम सरताच दोन्ही उतरणे, एवढे मात्र दोन्ही पक्ष्यांत सारखे आहे.