गारठा, पायडल आणि तणसाचे बूट

आजचा विषय सांगितला तेव्हा ऑफिसातले मुंबईकर हसले होते. थंडीत सायकल चालवताना पाय गरम ठेवायचे कसे, आणि माणसानं आजवर ते ठेवले कसे, हा विषय. त्यांच्यासाठी थंडी म्हणजे पंखा एकवर करणं. मी आमगावचा. आता पुण्यात कोड लिहितो, पण अकरावी-बारावी सायकलवर काढली आहे आणि गोंदिया जिल्ह्यातला जानेवारी माझ्या आंगठ्यांना अजून आठवतो.

विदर्भात आज सगळ्यात कमी तापमान कुठे, या हिवाळी बातमीत गोंदियाचं नाव वारंवार येतं. समुद्र लांब, रात्री आकाश निरभ्र, आणि वरून मध्य प्रदेशाकडून उतरणारा कोरडा वारा. पारा 8 अंशांवर आला तर आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. 8 अंश म्हणजे काही लडाख नव्हे, मान्य. पण सायकलवर बसलात की गणित बदलतं.

हे गणित आलं कुठून, ते आधी सांगतो. अंटार्क्टिकात 1941 मध्ये पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात 250 ग्रॅम पाणी भरलं, ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजत बसले. वारा जितका जोरात, तितकं पाणी लवकर गोठतं. त्यातून ‘विंड चिल’ची मोजणी आली. 2001 मध्ये अमेरिका आणि कॅनडानं सूत्र सुधारलं, तेव्हा माणसांना वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवून त्यांच्या चेहऱ्याची त्वचा किती थंड होते ते पाहिलं. मी ते सूत्र लंच ब्रेकमध्ये दोन ओळींच्या स्क्रिप्टमध्ये टाकलं. तापमान 8 अंश, वारा अजिबात नाही, सायकलचा वेग ताशी 15 किलोमीटर. उत्तर आलं साधारण साडेपाच. म्हणजे हवा स्तब्ध असली तरी स्वतःपुरता वारा आपणच तयार करतो. सूत्र चेहऱ्यासाठी आहे, पायाला जसंच्या तसं लागू होत नाही, पण अंदाज येतो.

आता पायच का? सायकल चालवताना सगळी मेहनत मांड्या करतात. पाऊल नुसतं पायडलवर टेकलेलं असतं. त्यात मांस कमी, हाडं आणि शिरा जास्त. बोटं हलवणारे मोठे स्नायूसुद्धा पोटरीत असतात, पावलात नाही. त्यामुळे पाऊल स्वतःची उष्णता फारशी तयार करत नाही, वरून येणाऱ्या रक्तावर जगतं. आणि थंडी वाजली की शरीर पहिलं काम काय करतं? हातापायांकडचं रक्त कमी करतं आणि ते छाती-पोटासाठी राखून ठेवतं. हृदयापासून सगळ्यात लांब कोण, तर पायाची बोटं. पहिली कपात त्यांचीच.

यावरचा एक फार जुना उपाय आज इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात ठेवलाय. 1991 च्या सप्टेंबरमध्ये आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, बर्फात एक मृतदेह सापडला. सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा. त्याला पुढे ओट्झी म्हणू लागले. त्याच्या बुटाचा तळ अस्वलाच्या कातड्याचा, वरचा भाग हरणाच्या कातड्याचा, आणि आत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी. त्या जाळीत काय भरलं होतं? वाळलेलं गवत. बाहेरचं कातडं थंडी अडवतं असं आपल्याला वाटतं, पण खरं काम आतलं गवत करत होतं. गवताच्या काड्यांमध्ये हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. स्वेटरपासून गोधडीपर्यंत सगळं याच तत्त्वावर चालतं.

स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेतले सामी लोक हेच करायचे. ठरावीक गवत कापायचं, कुटून मऊ करायचं, वाळवायचं आणि बुटात भरायचं. अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 ला दक्षिण ध्रुवावर पोचला, त्याच्यामागून स्कॉट पोचला. दोघांच्याही मोहिमांच्या सामानात हे गवत होतं.

आणि आता आपल्या जवळचं. जपानच्या बर्फाळ भागात शेतकरी बूट विणायचे ते धानाच्या तणसाचे. हो, तणस! जे आपल्याकडे मळणी झाली की ढीग लावून बैलांसाठी ठेवतात, ते. सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, धानाचा पट्टा आणि तणसाचा ढीग नाही असं गाव सापडणार नाही. आमची आजी कडाक्याच्या थंडीत तणस पसरून त्यावर गोणपाट आणि वर वाकळ टाकायची. गादीपेक्षा गरम. धानाची काडी आतून पोकळ असते, म्हणजे हवा काडीच्या आतही आणि दोन काड्यांच्या मध्येही. आमच्याकडे ती अंथरुणात गेली, जपानात बुटात गेली. बर्फ पडतो की नाही, एवढाच काय तो फरक असावा, असं मला वाटतं.

सायकलवाल्यांकडे वळू. इथे एक मराठी शब्द भेटतो, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सगळ्यात भारी तुकडा वाटतो. शब्द आहे ‘पट्टी’. हिमालयाकडचे लोक घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरी कापडाची लांब पट्टी गुंडाळायचे. ब्रिटिशांनी ती हिंदुस्थानी फौजेत घेतली आणि मग पूर्ण ब्रिटिश सैन्याला दिली. इंग्रजीत ती ‘पटी’ झाली. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या फॉक्स ब्रदर्सच्या गिरणीत ती तयार व्हायची. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, 1914 मध्ये, ब्रिटिश सैन्यात सायकलस्वारांचं वेगळं दल उभं राहिलं. त्या सायकलस्वारांच्या पोटऱ्यांवरही हीच पट्टी.

सायकलसाठी ती उत्तम. पावलाला मिळणारं रक्त पोटरीतून आणि घोट्यावरून येतं, आणि घोट्यापाशी शिरा कातडीच्या अगदी जवळ असतात. पोटरी-घोटा झाकला तर रक्त खाली पोचेपर्यंत कमी थंड होतं. म्हणून पाय गार पडले की नुसत्या पावलांकडे बघू नका. कान, छाती, गुडघे झाकले तरी पायाची बोटं सुधारतात.

पण याच पट्टीनं माणसं लंगडीही केली. फ्रान्समध्ये खंदकांत सैनिक दिवसेंदिवस चिखलपाण्यात उभे राहायचे. पट्टी भिजायची, आवळली जायची, रक्त अडायचं. पाय सुजायचे, बधिर व्हायचे, काहींचे सडायचे. ‘ट्रेंच फूट’ म्हणतात ते हेच, आणि 1914-15 च्या हिवाळ्यात हजारो सैनिकांना ते झालं. हिंदुस्थानी फौजही तो हिवाळा तिथेच होती. मग आदेश निघाले की मोजे बदला, पाय कोरडे करा, व्हेल माशाचं तेल चोळा, पट्टी सैल बांधा. शंभर वर्षांपूर्वीच्या या आदेशातले दोन शब्द लक्षात ठेवा: कोरडं आणि सैल. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगानं उष्णता ओढून नेतं. धुक्यात, दवात भिजलेला कॅनव्हासचा बूट त्यामुळे पाय उलट गार करतो. आणि जाड मोजा कोंबून आवळलेल्या बुटात हवेला जागाच उरत नाही, रक्तालाही नाही.

रशियन सैनिक मोज्यांऐवजी पायाला कापडाचा चौकोन गुंडाळायचे, तेही थेट 2013 पर्यंत. एक बाजू भिजली की उलटं गुंडाळायचं. साधी आयडिया.

युरोपातले शर्यतवाले डोंगर उतरताना जर्सीच्या आत वर्तमानपत्र घालायचे. कागदच तो, पण वारा अडवतो. तरी थंडी कोणाला सोडत नाही. 20 एप्रिल 1980 ला बेल्जियममधली लिएज-बास्तोन-लिएज शर्यत बर्फात झाली. 174 जण निघाले, 21 जणांनी संपवली. बर्नार्ड इनो नऊ मिनिटांहून जास्त अंतरानं जिंकला, पण हाताची दोन बोटं कायमची बिघडवून बसला. इतक्या दूरचं उदाहरण द्यायचं कारण एवढंच की बधिरपणा म्हणजे ‘होईल नीट’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. आणि हो, बधिर पाय थेट शेकोटीत धरू नका. चटका लागलेला कळत नाही आणि कातडी भाजते. मधुमेह असलेल्या आजोबांना तर हे आवर्जून सांगा.

आता गोंदियात परत येऊ, कारण हा भाग करायचं खरं कारण इथे आहे. हिवाळ्यात पहाटे आमच्या रस्त्यांवर सायकलवर कोण असतं? दूधवाले, पेपरवाले, आणि शिकवणीला किंवा शाळेला निघालेल्या मुली. त्यातल्या कितीतरी सायकली मानव विकास कार्यक्रमातून आलेल्या आहेत. 2011 पासून हा कार्यक्रम राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत राबवला जातो, गोंदिया जिल्हा त्यात आहे. निळ्या एसटी बस तुम्ही पाहिल्या असतील, त्या याच कार्यक्रमातल्या. आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना त्यातून सायकल मिळते. शाळा दूर म्हणून मुलीचं शिक्षण थांबू नये, हा हेतू, आणि माझ्या मते राज्यातल्या चांगल्या योजनांपैकी ही एक आहे.

दुसरी योजना 2023 ची. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांना गणवेशासोबत एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे. विद्यार्थ्यामागे 170 रुपये. कोणत्या इयत्तेसाठी? पहिली ते आठवी.

दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघा. बूट पहिली ते आठवी, सायकल आठवी ते बारावी. दोन्ही योजना फक्त आठवीत भेटतात. नववीपासून बारावीपर्यंत सरकार मुलीला चाकं देतं, पावलासाठी काही देत नाही. कोणी मुद्दाम केलेलं नाही हे. आमच्या धंद्यात असं रोज होतं. दोन टीम, दोन मॉड्यूल, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि मधला जोड कोणीच लिहिलेला नसतो. फरक एवढाच की आमच्याकडे स्क्रीनवर एरर येतो.

मग ती मुलगी चपलेत जाते. किंवा आठवीतला बूट दहावीपर्यंत ताणते, आणि वाढत्या पायाला आखूड पडलेला बूट म्हणजे आवळलेली पट्टीच. त्यापेक्षा खरंच चप्पल आणि मोजे बरे. बाजारात आंगठा वेगळा असलेले मोजे मिळतात, आपल्या आया-मावश्या चपलेत घालतात ते. जपानी लोक त्याच धाटणीच्या मोज्याला ताबी म्हणतात आणि शतकानुशतकं वापरतात. वर्गात कोणी ‘काकूचे मोजे’ म्हणून हसलं तर त्याला ओट्झीची गोष्ट सांगा. मोज्याच्या पुढच्या बाजूला, बोटांवर, वर्तमानपत्राची एक घडी आणि त्यावरून दुसरा सैल मोजा. सलवारीच्या आत लेगिंग, घोट्याच्या खालपर्यंत ओढलेली. पायडलचे रबर निघून नुसतं लोखंड उरलं असेल तर आधी ते बसवून घ्या, लोखंड उष्णता भराभर ओढतं. बोटं अगदीच गेली असं वाटलं तर उतरा आणि पाच मिनिटं सायकल हातात धरून चाला. चालताना पाऊल दुमडतं, पोटरी पंपासारखी चालते. शाळेत पोचल्यावर ओले मोजे काढून दप्तरातला कोरडा जोड घाला.

ऐकणाऱ्यांत कोणी शाळा व्यवस्थापन समितीवर असेल तर हिवाळ्याआधीच्या बैठकीत नववी-दहावीच्या सायकलवाल्या मुलींच्या बुटांचा मुद्दा काढा. लोकवर्गणीतून किती जोड्या लागतील ते मोजायला एक तास पुरतो. पट मोठा असेल तर मला मेसेज करा, शीट मी बनवून देतो.

पुढचा भाग तांदळाच्या गिरण्यांवर. भेटू.