कुलूपबंद कवयित्री

दिवाळी अंक हाती आला की मी आधी रहस्यकथा काढतो. जुन्या चीजवस्तूंचा षौकी गृहस्थ गुप्तहेर बनतो, ही कल्पना तर मोठी गोड! पण असा एक गृहस्थ आमच्या यवतमाळात खरोखरच होऊन गेला : यशवंत खुशाल देशपांडे (1884–1970). पेशा वकिलीचा, ओढा जुन्या पोथ्यांचा.

महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जपले होते. एका अक्षराच्या जागी दुसरेच लिहायचे! त्यामुळे तेराव्या शतकातली मराठी जणू कुलपात पडली. विसाव्या शतकात राजवाडे, भावे यांच्या खटपटीने किल्ली गवसली. देशपांड्यांनी पोथ्या मिळवल्या, ताडून पाहिल्या, यवतमाळच्या शारदाश्रमातून उजेडात आणल्या. गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी महदंबेने रचलेले ‘धवळे’ त्यांनीच संपादले.

रहस्यकथेत शेवटी चोर सापडतो. इथे सापडली मराठीची आद्य कवयित्री! किल्ली मिळूनही पोथीच गहाळ असती, तर उघडायचे काय? म्हणून वाचकहो, सणाची झाडलोट करताना माळ्यावरचे जुने बासन रद्दीत घालण्यापूर्वी एकदा सोडून पाहा.